ऑप नोट वाचून सीपीटी कोड कसा ठरवायचा? टाके, कोलोनोस्कोपी आणि मॉडिफायर ५९

शिकाऊ_कोडर

नमस्कार मंडळी. बी.फार्म. आहे, सीपीसी या मेडिकल कोडरच्या परीक्षेची तयारी चालू आहे. शरीररचना आणि आयसीडी-१०-सीएम (निदानांचे कोड) बऱ्यापैकी बसलंय. अडतं ते सीपीटीच्या, म्हणजे अमेरिकेत बिलासाठी वापरायच्या उपचारांच्या कोडांच्या, सर्जरी सेक्शनमध्ये. इंडेक्सवरून कोडपर्यंत पोहोचता येतं, पण शेजारी शेजारी चार कोड दिसले की नेमका कोणता आणि का, हे सांगता येत नाही. सरावातल्या दोन केसेस देतो.

केस १: दुचाकीचा अपघात, इमर्जन्सी रूम. कपाळावर ३ सेंमी जखम, दोन थरांत टाके. उजव्या गालावर २ सेंमी, दोन थरांत टाके. डाव्या फोरआर्मवर ५ सेंमी, एका थरात टाके. उजव्या तळहातावर ४ सेंमी, एका थरातच टाके, पण जखमेत खडी आणि माती भरली होती. भरपूर धुऊन खडे एकेक करून काढले असं नोटमध्ये आहे.

केस २: वय ५२, कसलीही तक्रार नाही, स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी, खासगी विमा. स्कोप सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) गेला. असेंडिंग कोलनमध्ये ८ मिमी पॉलिप, कोल्ड स्नेअरने (तारेच्या फासाने, विजेशिवाय) काढला. सिग्मॉइडमध्ये ३ मिमी पॉलिप, कोल्ड बायॉप्सी फोर्सेप्सने पूर्ण काढला. ऑप नोटच्या (शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या) मथळ्यात फक्त ‘कोलोनोस्कोपी विथ बायॉप्सी’ लिहिलंय.

पहिल्या केसमध्ये चार जखमा म्हणजे चार कोड का? दुसऱ्यात ४५३७८ (नुसत्या निदानात्मक कोलोनोस्कोपीचा कोड) पण लावायचा का? आणि मॉडिफायर ५९ (दोन कामं खरोखर वेगळी होती असं सांगणारी, कोडमागची जोड) नक्की कधी?


ऑपनोट_वाचक

आधी मथळ्याचं बोलू, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. ‘प्रोसिजर परफॉर्म्ड’ ही ओळ पुष्कळदा टेम्प्लेटमधून येते, कधी शस्त्रक्रियेच्या आधीच भरलेली असते. कोड निघतो तो खालच्या वर्णनातून. मथळ्यात आहे आणि वर्णनात नाही, तर ते झालंच नाही असं धरा. उलट वर्णनात आहे आणि मथळ्यात नाही, तर ते कोड करायचं.

वर्णन वाचताना पेन्सिल घेऊन या गोष्टींखाली रेघ मारा: काय केलं (कापलं, शिवलं, काढलं, बसवलं), कुठे आणि कोणत्या बाजूला, कोणत्या मार्गाने (उघडून की स्कोपने), किती मोठं, किती खोल, आत काही ठेवलं का. मगच पुस्तक उघडा. इंडेक्स फक्त पानापर्यंत नेतो. इंडेक्समधून थेट कोड उचलायचा नाही, एवढं पथ्य कायम पाळा. मुख्य भागात गेल्यावर आधी त्या उपविभागाच्या सुरुवातीच्या सूचना, मग कोडचं वर्णन, मग खाली कंसात दिलेल्या टिपा. परीक्षेतले अवघड प्रश्न बहुतेक त्या कंसांतूनच काढलेले असतात.

आणि अर्धविराम पाहायला शिका. ४७५६२ चं वर्णन ‘लॅपरोस्कोपी, सर्जिकल; कोलेसिस्टेक्टॉमी’ (पित्ताशय काढणं) असं आहे. त्याखाली थोडं आत सरकवलेल्या ४७५६३ समोर फक्त अर्धविरामानंतरचा मजकूर छापलेला असतो, ‘कोलेसिस्टेक्टॉमी विथ कोलॅन्जिओग्राफी’. अर्धविरामाच्या आधीचा भाग त्यालाही लागू आहे. आत सरकवलेली ओळ सुटी वाचली तर अर्थ लागत नाही, आणि वरचा कोड व खालचा कोड दोन्ही लावले जातात. तसं करायचं नाही, त्यातला एकच.

आता टाके. जखमांची संख्या मोजायची नसते. दोन गोष्टींनी गट करायचे: शिवण्याचा प्रकार (सिंपल म्हणजे साधी, इंटरमीजिएट म्हणजे मधली, कॉम्प्लेक्स म्हणजे गुंतागुंतीची शिवण) आणि शरीराचा भाग. दोन्ही सारखं असेल तर लांबीची बेरीज करून एकच कोड.

कपाळ आणि गाल दोन्ही चेहऱ्याच्या गटात, दोन्ही थरांत शिवलेल्या म्हणजे इंटरमीजिएट. ३ + २ = ५.० सेंमी. १२०५१ हा २.५ सेंमीपर्यंत, १२०५२ हा २.६ ते ५.० सेंमी. तेव्हा १२०५२. ५.१ झाले असते तर १२०५३, म्हणून मिलिमीटरही सोडू नका.

तळहात ही खरी गोम. एका थरात शिवलंय म्हणून सिंपल वाटतं. पण जखम खूप दूषित असून विस्तृत सफाई करावी लागली किंवा आतले कण काढावे लागले, तर एकाच थरातली शिवणही इंटरमीजिएट धरायची, असं सीपीटीच्या सूचनेतच आहे. ४ सेंमी, हात: १२०४२. नोटमध्ये नुसतं ‘जखम धुतली’ असतं तर हे चाललं नसतं. प्रत्येक जखम धुतलीच जाते.

फोरआर्म सिंपल, ५ सेंमी: १२००२, जो २.६ ते ७.५ सेंमीसाठी आहे.

भागांचे गट तिन्ही प्रकारांत सारखे नाहीत, हे इथे लक्षात ठेवा. सिंपलमध्ये डोकं, मान, काख, धड, हातपाय, तळहात, पाऊल सगळं एका गटात आणि चेहरा वेगळा. इंटरमीजिएटमध्ये मान, तळहात, पावलं आणि बाह्य जननेंद्रियं यांचा स्वतंत्र गट होतो. कॉम्प्लेक्समध्ये पुन्हा वेगळी मांडणी: धड एकटं, कपाळ-गाल-हनुवटी हे मान आणि तळहातांसोबत, तर पापण्या-नाक-कान-ओठ निराळे. वर कॉम्प्लेक्सचे कोड १.१ सेंमीपासून सुरू होतात. १ सेंमी किंवा कमी असेल तर सिंपल किंवा इंटरमीजिएटमध्ये परत यायचं.

क्रम: अवघड शिवण आधी. १२०५२, मग १२०४२, मग १२००२ ला ५९.

तळहाताचं आयसीडी निवडताना फॉरेन बॉडीसह असलेली जखम घ्या, एस६१.४२१ए. खडे काढले म्हणून १२०४२ लावायचा आणि निदानात फॉरेन बॉडीशिवायची जखम लिहायची, असं झालं की ऑडिटरला आयतंच सापडतं.


जीआय_चार्टवाला

केस २ मी घेतो.

४५३७८ नाही. स्कोपने उपचार केला की त्याच स्कोपची निदानात्मक तपासणी त्यात आलीच. हा नियम सगळ्या एंडोस्कोपींना आणि आर्थ्रोस्कोपींनाही लागू आहे.

पॉलिप काढला म्हणजे काय वापरून काढला, एवढंच पाहायचं. स्नेअर असेल तर ४५३८५, मग तो हॉट असो की कोल्ड. हॉट बायॉप्सी फोर्सेप्स असेल तर ४५३८४. कोल्ड फोर्सेप्सने काढला तर ४५३८०, जरी पॉलिप पूर्ण निघाला असला तरी. ‘पूर्ण काढला म्हणजे बायॉप्सी कशी?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. उत्तर इतकंच की कोल्ड फोर्सेप्ससाठी वेगळा रिमूव्हल कोड नाही. नोटमध्ये नुसतं ‘पॉलिपेक्टॉमी’ असेल आणि उपकरण लिहिलेलंच नसेल, तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा.

म्हणजे ४५३८५ आणि ४५३८०-५९. दोन पॉलिप वेगळे, वेगळ्या जागी, म्हणून ५९ लागतो. एकाच पॉलिपची आधी बायॉप्सी घेऊन मग तोच स्नेअरने काढला असता तर फक्त ४५३८५. तीन पॉलिप तीनही स्नेअरने काढले तरी ४५३८५ एकदाच.

निदान: स्क्रीनिंग म्हणून सुरू झालं, तेव्हा पहिल्या जागी झेड१२.११ च राहणार, पॉलिप सापडला तरी. पॉलिपचा कोड दुसऱ्या जागी, पॅथॉलॉजी पाहून: असेंडिंगमधला अ‍ॅडिनोमा निघाला तर डी१२.२, हायपरप्लास्टिक असेल तर के६३.५. खासगी विम्यासाठी दोन्ही सीपीटी कोडना मॉडिफायर ३३ लावा, म्हणजे रुग्णाला प्रतिबंधात्मक तपासणीचा लाभ मिळतो. मेडिकेअर (अमेरिकेतला सरकारी विमा) असेल तर ३३ ऐवजी मॉडिफायर पीटी. मेडिकेअरच्या स्क्रीनिंगमध्ये काहीच सापडलं नाही तर ४५३७८ सुद्धा नाही, जी०१२१ किंवा जोखीम जास्त असेल तर जी०१०५.

३३ किंवा पीटी विसरला तर क्लेम नाकारला जात नाही, पास होतो. मात्र डिडक्टिबल (विम्याआधी स्वतः भरायची रक्कम) रुग्णाच्या माथी बसतो, आणि महिन्याभराने रागावलेला फोन येतो. त्यामुळे ही चूक क्यूएमध्ये (आपल्याच दर्जा-तपासणीत) पकडावी लागते, डिनायलच्या यादीत ती दिसत नाही.

स्कोप सीकमपर्यंत गेला नाही तर काय, हेही पाहून ठेवा. स्प्लेनिक फ्लेक्शरच्या (मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या वळणाच्या) पुढे गेला नाही तर ती कोलोनोस्कोपी नाहीच, सिग्मॉइडोस्कोपीच्या ४५३३० पासूनच्या कोडांत जा. स्प्लेनिक फ्लेक्शर ओलांडला पण सीकम गाठलं नाही: निदानात्मक किंवा स्क्रीनिंग असेल तर ४५३७८-५३ (५३ म्हणजे काम सोडून दिलं), उपचार झाला असेल तर त्या उपचाराच्या कोडला ५२ (काम कमी झालं). हे डॉक्टरांच्या बिलासाठी. हॉस्पिटल किंवा सर्जरी सेंटरच्या बिलात काम अर्धवट थांबलं तर भूल देण्याआधी ७३ आणि दिल्यानंतर ७४.


एडिट_तपासनीस

५९ बद्दल वर बरोबर आलंय, थोडी भर घालते. ४५३८०-५९-३३ असा क्रम ठेवा. पैशांवर थेट परिणाम करणारा मॉडिफायर आधी, माहितीचा नंतर.

५९ कधी, हे मनाने ठरवायचं नाही. एनसीसीआयचं टेबल (कोणते दोन कोड सहसा एकत्र बिल करता येत नाहीत त्याची यादी) उघडायचं. ते मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसच्या वेबसाइटवर फुकट आहे आणि दर तिमाहीला बदलतं. रुग्णाची सेवा ज्या तारखेला झाली त्या तिमाहीचं टेबल बघायचं, आजचं नाही. दोन कोडांची जोडी शोधा. सापडली नाही तर ५९ ची गरजच नाही, मग इतर पेअर (पैसे देणारी विमा कंपनी) ५१, म्हणजे एकाहून जास्त प्रोसिजरचा मॉडिफायर, मागतो का एवढंच पाहा. वरच्या उदाहरणातल्या १२०४२ चंही असंच: आधी जोडी बघा, मग ठरवा. मेडिकेअरकडे मल्टिपल प्रोसिजरची कपात सहसा त्यांची सिस्टीमच लावते, त्यामुळे तिथे आपण ५१ घालत बसायचं कारण नसतं.

जोडी सापडली तर शेवटचा आकडा बघा. ० म्हणजे काहीही लावा, दोन्हीचे पैसे मिळणार नाहीत. १ म्हणजे योग्य मॉडिफायरने जोडी सुटू शकते. ९ म्हणजे ती जोडी आता लागू नाही. गंमत अशी की १ दिसला की नवीन मंडळी ५९ लावून मोकळी होतात. १ चा अर्थ ‘लावा’ असा नाही, ‘कारण असेल तर लावता येईल’ असा आहे. कारण म्हणजे वेगळी जागा, वेगळा लीजन (गाठीसारखा विकृत भाग), वेगळी चीर किंवा त्याच दिवशीची वेगळी वेळ, आणि तेही नोटमध्ये लिहिलेलं. २०१५ पासून त्याऐवजी जास्त नेमके चार मॉडिफायर आहेत: एक्सई वेगळ्या भेटीसाठी, एक्सएस वेगळ्या अवयवासाठी किंवा जागेसाठी, एक्सपी वेगळ्या डॉक्टरसाठी, एक्सयू नेहमी एकत्र न येणाऱ्या सेवेसाठी. पेअर ते घेत असेल तर ५९ पेक्षा ते बरे. दोन्ही एकाच ओळीवर मात्र लावू नका.

एंडोस्कोपीत ५९ लागून गेला तरी दुसऱ्या कोडचे पूर्ण पैसे येत नाहीत. मेडिकेअर ४५३८० च्या रकमेतून मूळ तपासणीची, म्हणजे ४५३७८ ची, रक्कम वजा करून उरलेलं देतं. पैसे कमी आले म्हणून अपील करू नका.

आणि सीपीटीत काही कोडांच्या पुढे ‘सेपरेट प्रोसिजर’ असं लिहिलेलं असतं. नाव फसवं आहे. ते काम एकटंच झालं असेल तरच तो कोड. त्याच भागावरच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा भाग म्हणून झालं असेल तर नाही.

केस १ मध्ये इमर्जन्सी रूमच्या तपासणीचा कोडही येऊ शकतो, ९९२८१ ते ९९२८५ पैकी. टाके घालण्याचा निर्णय टाक्यांच्या कोडातच धरलेला असतो. डोक्याला मार लागलाय का, इतर कुठे दुखापत आहे का, अशी वेगळी लक्षणीय तपासणी नोंदलेली असेल तरच मॉडिफायर २५ लावून तो कोड घ्या. २०२३ पासून या कोडांची पातळी वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवरून ठरते, वेळेवरून नाही.


शिकाऊ_कोडर

खूप आभार. तळहाताचं कारण आता कळलं. एक उपप्रश्न. लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढायला सुरुवात केली, चिकटलेलं निघालं म्हणून पोट उघडून काढलं. मग ४७५६२-५३ आणि ४७६०० दोन्ही? आणि पीसीएस (भरती रुग्णांच्या हॉस्पिटल-बिलातले प्रोसिजरचे कोड) शिकवणारे म्हणतात की दोन कोड लागतात. कोण बरोबर?


इनपेशंट_कट्टा

दोघंही बरोबर, कारण दोन वेगळी बिलं आहेत.

सर्जनचं बिल सीपीटीत जातं. लॅपरोस्कोपीचं उघड्या शस्त्रक्रियेत रूपांतर झालं की फक्त उघडा कोड: ४७६००. ५३ चा इथे संबंध नाही, कारण काम सोडून दिलेलं नाही, पूर्ण झालंय. निदानांत झेड५३.३१ जोडा, त्याने रूपांतर झाल्याचं कळतं. चिकटलेले भाग सोडवायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला असेल आणि सर्जनने तो वेळ व अडचण स्पष्ट लिहिली असेल तर मॉडिफायर २२ चा विचार करा. नुसतं ‘अवघड होतं’ एवढ्यावर पेअर जास्त पैसे देत नाही.

रुग्ण भरती असेल तर हॉस्पिटलचं बिल आयसीडी-१०-पीसीएसमध्ये. त्यात पुस्तकातून तयार कोड शोधायचा नसतो, सात खाने भरून तो बांधायचा असतो. लॅपरोस्कोपीने पूर्ण पित्ताशय काढलं असतं तर असं:

० मेडिकल आणि सर्जिकल
एफ यकृत-पित्तमार्ग आणि स्वादुपिंड
टी रिसेक्शन
४ पित्ताशय
४ पर्क्युटेनियस एंडोस्कोपिक
झेड उपकरण नाही
झेड क्वालिफायर नाही

म्हणजे ०-एफ-टी-४-४-झेड-झेड. तिसरा खाना, रूट ऑपरेशन, हाच खरा निर्णय. अवयव किंवा पीसीएसने दिलेला त्याचा भाग पूर्ण काढला तर रिसेक्शन, थोडा काढला तर एक्सिजन. सर्जनने नोटमध्ये ‘रिसेक्शन’ हा शब्द वापरला म्हणून टी घ्यायचा नसतो. सर्जनला पीसीएसच्या व्याख्या पाळायचं बंधन नाही, त्या लावणं हे कोडरचं काम आहे, आणि तेवढ्यासाठी क्वेरी पाठवायचीही गरज नसते.

तुमच्या केसमध्ये पीसीएसची मार्गदर्शक सूचना रूपांतराला दोन कोड सांगते: उघड्या मार्गाने रिसेक्शन ०-एफ-टी-४-०-झेड-झेड, आणि लॅपरोस्कोपीने जेवढं झालं ते इन्स्पेक्शन म्हणून ०-एफ-जे-४-४-झेड-झेड. सीपीटीत वाटेतला प्रयत्न शेवटच्या कामात मुरतो, पीसीएसमध्ये तो वेगळा मोजला जातो.

शून्य आणि एक यांच्याशी गल्लत नको म्हणून पीसीएसमध्ये ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत. ओ सारखं काही दिसलं की ते शून्यच.


नागपूरची_कोडर

हेच कोड आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही चालतात का? की सगळं अमेरिकेसाठीच?


इनपेशंट_कट्टा

सीपीटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं, पीसीएस सीएमएसचं. दोन्ही तिथल्या क्लेमसाठी. पुण्यात किंवा ऐरोलीत बसून होणारं कामही त्याच क्लेमचं. आपल्याकडे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत उपचारांची पॅकेजं आणि त्यांचे स्वतःचे कोड आहेत, तिथे सीपीटी लावत नाहीत.


ऑपनोट_वाचक

परीक्षेपुरतं आणखी थोडं, कारण शिकाऊ_कोडर यांचा पुढचा प्रश्न तोच असणार.

सीपीसीत १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. एका प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे पूर्ण ऑप नोट आधी वाचायची ही सवय परीक्षेत मोडा. आधी चार पर्याय बघा आणि ते एकमेकांपासून कुठे वेगळे आहेत ते शोधा. दोन पर्यायांत १२०५२ आणि दोनांत १२०१३ असेल तर प्रश्न एवढाच की शिवण थरांत आहे की नाही. नोटमध्ये तेवढंच शोधा. प्रत्यक्ष कामाला लागलात की मात्र उलटं, तिथे नोट पहिल्या ओळीपासून.

पुस्तकं सोबत नेता येतात आणि त्यात हाताने लिहिलेल्या टिपा चालतात, पण वेगळे कागद चिकटवून नेऊ नका. टाक्यांच्या पानावर तिन्ही प्रकारांचे भागांचे गट समासात लिहून ठेवा. लीजन काढण्याच्या पानावर एक सूत्र: लीजनचा सर्वांत मोठा व्यास अधिक दोन्ही बाजूंचा सर्वांत अरुंद मार्जिन. १.५ सेंमीचा लीजन, दोन्हीकडे ०.३ सेंमी मार्जिन, म्हणजे २.१ सेंमी. पाठीवरचा बिनाइन (कर्करोगाचा नसलेला) असेल तर ११४०३, मॅलिग्नंट (कर्करोगाचा) असेल तर ११६०३. मार्जिन विसरून १.५ धरलं की एक कोड खाली उतरता. आकार कापण्याआधी सर्जनने मोजलेलाच घ्यायचा, पॅथॉलॉजी रिपोर्टमधला नाही. फॉर्मलिनमध्ये तुकडा आक्रसतो. बिनाइन की मॅलिग्नंट हे मात्र पॅथॉलॉजी आल्यावरच ठरवा, क्लेम तोवर थांबवावा लागला तरी. साधी शिवण एक्सिजनमध्ये धरलेली असते. इंटरमीजिएट किंवा कॉम्प्लेक्स असेल तर ती वेगळी कोड होते.

कॉम्प्लेक्सच्या पानावर अंडरमायनिंगची (जखमेच्या कडेची त्वचा खालून सोडवण्याची) व्याख्याही लिहा. २०२० पासून त्यासाठी ‘एक्स्टेन्सिव्ह’ असं मोजून ठरतं: जखमेची निदान एक पूर्ण कड, आणि सोडवलेलं अंतर जखमेच्या कमाल रुंदीइतकं किंवा जास्त. नोटमध्ये ते अंतर नसेल तर इंटरमीजिएटवर थांबा.


जीआय_चार्टवाला

पुस्तक परीक्षेच्या वर्षाचंच घ्या. अर्ध्या किमतीत मिळणारं गेल्या वर्षीचं घेऊ नका. सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं, आयसीडी आणि पीसीएस १ ऑक्टोबरला, १ एप्रिललाही थोडी भर पडते. पैसे वाचवायचे तर पीसीएसची टेबलं, एचसीपीसीएसची (जी०१२१ सारख्या कोडांची) यादी, एनसीसीआयची टेबलं आणि त्याचं पॉलिसी मॅन्युअल सीएमएसच्या साइटवरून फुकट उतरवा. पॉलिसी मॅन्युअलमधलं सहावं प्रकरण पचनसंस्थेचं आहे, कोलोनोस्कोपीचे वरचे बरेचसे नियम तिथे कारणांसह सापडतील.